पोपटाने वाचलंय

सोमवार, ३

नवी वही काढली. जुनीत पानं शिल्लक होती, पण तिच्या रेघा इतक्या फिकट छापल्या आहेत की ओळ कुठे सुरू झाली आणि कुठे घसरली ते कळत नाही. वहीवाल्यांनीसुद्धा शाईत काटकसर चालवली आहे. ही म्हणाली, "अक्षर केवढं काढता हल्ली! एका पानावर चार ओळी." म्हटलं, माणूस मोठा तसं अक्षर मोठं.

आज जेवताना घरात परिषद भरली. विषय मीच. लेक म्हणाली, "बाबा, आता काउंटरवर मी बसत जाईन. तुम्ही मागे खुर्ची टाकून नुसतं लक्ष ठेवा." नुसतं लक्ष ठेवा! पोरीनं फार्मसीची पदवी घेतली ती माझ्याच दुकानाच्या जिवावर, आणि आता मला माझ्याच दुकानात पाहुणा करायला निघाली.

हे सगळं त्या खोकल्याच्या बाटलीवरून. लहान मुलाच्या औषधाऐवजी मोठ्यांची बाटली हातात आली. औषध न्यायला आलेल्या बाईनं तिथल्या तिथे पाहिलं, मी बदलून दिली, विषय संपला. दोन्ही बाटल्या एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, त्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. कंपन्यांना अक्कल नाही त्याला मी काय करू? हे सांगितलं तर लेक गप्प बसली. गप्प बसण्यात ती आईवर गेली आहे. त्यापेक्षा दोन शब्द ऐकवलेले परवडतात.

मग मीच म्हटलं, चुका नकोत ना? तर तो हातात धरायचा बिनतारी स्कॅनर घेऊ. बारकोड दाखवला की नाव आपोआप कॉम्प्युटरवर. माणसाची चूक व्हायला जागाच नाही. लेकीला वाटलं नसेल की म्हातारा असं काही बोलेल. "खरंच घ्यायचा?" म्हणाली. म्हटलं, उद्याच.

बुधवार, ५

स्कॅनर आला. खोक्यात एक पिस्तुलासारखं यंत्र, त्याला बसायला पाळणा, कॉम्प्युटरला खोचायची नखाएवढी पिन आणि एक पुस्तिका. पिन खोचली, यंत्र चार्ज केलं, इथवर सगळं सरळ. गंमत पुढे आहे. या यंत्राला बटणं नाहीत. त्याला काही शिकवायचं तर पुस्तिकेत छापलेले बारकोड त्यालाच दाखवायचे. एक कोड दाखवला की पिनेशी जोडी जमते, दुसरा दाखवला की आवाज वाढतो, तिसरा दाखवला की आणखी काही. कोड एकमेकांना इतके चिकटून आहेत की शेजारचा हाताने झाकावा लागतो, नाहीतर यंत्र तोच वाचतं. कोणत्या कोडाखाली काय लिहिलंय ते वाचायला मात्र दुर्बीण हवी.

लेक दवाखान्याची ऑर्डर पोचवायला गेली होती. म्हटलं येईपर्यंत सगळं जोडून चकित करावं. अंदाजाने एकेक कोड दाखवत गेलो. पहिल्याला टीं वाजलं, दुसऱ्याला टीं टीं. तिसऱ्यानंतर यंत्र मुकं झालं. घोडा दाबला तर लाल उजेड पडतो, आवाज नाही. विकणाऱ्याला फोन करून चांगलं झापलं. म्हटलं, खराब माल गळ्यात बांधलात. तो बिचारा "काका, काका" करत राहिला.

लेक आली, पुस्तिका पाहिली, शेजारचा कोड हाताने झाकून एकच कोड दाखवला. टीं! "बाबा, तुम्ही आवाज बंद करायचा कोड दाखवला होतात. खाली लिहिलंय की." लिहिलंय म्हणे. लिहिणाऱ्याचे हात दुखत होते का मोठं लिहायला?

विकणाऱ्याची माफी मागायला हवी. उद्या पाहू.

शनिवार, ८

यंत्राचं नाव पोपट पडलं. पाळण्यात बसतो, लाल चोच आहे, शिकवलं तेवढंच बोलतो. नाव हिनं ठेवलं. दुकानात क्वचित येते, आली की एखादं नाव ठेवून जाते.

पोपट मला आवडायला लागला आहे. दोरी नसल्यामुळे त्याला घेऊन मागच्या खोलीपर्यंत जाता येतं. मी एका जागी बसणाऱ्यातला नाहीच, त्यामुळे आमचं जमलं. टीं झालं की काउंटरवरच्या पडद्यावर नाव उमटतं, आणि पडद्यावरची अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. मी चांगली बोराएवढी करून ठेवली. लेक ती पाहून काही बोलली नाही.

एकच भानगड आहे. गोळ्यांच्या खणांवर लावायला आपले स्वतःचे बारकोड छापायचे म्हणून लेबलांचं छोटं मशीन आणलं. ते सदोष निघालं. रेघा कडेला नीट येतात आणि मधोमध वाकतात, पाण्यात काठी वाकलेली दिसते तशा. लेकीला दाखवलं. तिनं लेबल हातात घेतलं, मग माझ्याकडे बघितलं. "सरळ आहेत बाबा." पोपटाला दाखवलं, त्यानं झटक्यात वाचलं. म्हणजे यंत्र वाकड्या रेघाही वाचतं. हुशार आहे.

मंगळवार, ११

लेकीनं खणांची मांडणी बदलली. माझी मांडणी आजारांप्रमाणे होती. डावीकडे ताप, मग पोट, मग प्रेशर आणि साखर, उजवीकडे बायकांची औषधं. हात आपोआप जायचा. आता सगळं नावांच्या अक्षरानुसार, कारण कॉम्प्युटरला तसं आवडतं. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर म्हातारा हट्टी ठरला असता. पण आता हात खणाकडे जातो आणि तिथे दुसरंच कोणीतरी राहायला आलेलं असतं. भाडेकरू बदललेल्या चाळीत फिरल्यासारखं वाटतं. दिवसभर अस्वस्थ होतो. तीनदा चहा प्यायलो.

लेकीनं दोन कपाटांना लेबलं लावली. शेवटचं राहिलं आहे. तिनं नियमही सांगितला, "लेबल फक्त सुट्या, कापलेल्या गोळ्यांसाठी. बाकी वेळी स्ट्रिपच पोपटाला दाखवायची, खण नाही. आणि आधी नाव वाचायचं, मग टीं." स्ट्रिपचा चकचकीत कागद उजेडात चमकतो, पोपटाला चार वेळा दाखवावा लागतो. खणाचं लेबल एका फटक्यात वाचलं जातं. शिवाय नाव मीच वाचायचं असेल तर पोपट कशाला पोसायचा?

बुधवार, १२

दुकानाच्या मागच्या दाराची चौकट वाकली आहे. किती दिवस पाहतोय, मधोमध फुगल्यासारखी. सुताराला बोलावलं. त्यानं ओळंबा सोडला, पाणसळ लावली आणि म्हणाला, "काका, चौकट सरळ आहे." म्हटलं, माझे डोळे काय गहाण पडलेत? तो म्हणाला, "ओळंबा खोटं बोलत नाही." आजकाल सगळे कारागीर असेच, कामाचं नाव नको. शेवटी पैसे पुढे ठेवले, उजव्या बाजूला जिथे फुगवटा होता तिथे खडूने रेघ मारून दिली आणि रंधा मारून घेतला. जाताना तो डोकं हलवत गेला.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी म्हटलं, इथे नाचण्याचा काय संबंध? ती म्हणाली, "काही नाही. जेवा."

शुक्रवार, १४

फैसला झाला. लेक एक आठवडा मैत्रिणीच्या गावी चालली आहे. किती वर्षांत सुट्टी घेतली नव्हती, आईनंच भरीस घातलं. जाण्याआधी तिनं पुन्हा तोच विषय काढला. मी म्हटलं, पैज लाव. हा आठवडा मी एकट्यानं, पोपटाच्या साथीनं दुकान सांभाळतो. एक जरी चूक झाली तर किल्ल्या तुझ्या, मी मागच्या खुर्चीत जपमाळ घेऊन बसतो. एकही चूक झाली नाही तर मी मरेपर्यंत काउंटर सोडणार नाही आणि तुम्ही दोघींनी हा विषय काढायचा नाही.

लेक म्हणाली, "बाबा, मला पैज जिंकायची नाहीये."

"मग हरायला तरी लाव."

ती हसली नाही. म्हणाली, "बिलं माझ्या फोनवर दिसतात, पण मी बघणार नाही. तुम्हाला काही वाटलं तर मात्र फोन करा. चूक होईपर्यंत थांबू नका." मला काय वाटायचंय?

रविवार, १६

लेक सकाळच्या गाडीनं गेली. संध्याकाळी फिरायला निघालो. स्कूटर काढत नाही मी आता, चालणं तब्येतीला बरं. रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळे पायाखाली बघत जावं लागतं.

एक गोष्ट मनातून जात नाही. काल दुकानासमोरच्या फुटपाथवर कोणीतरी बाई उभी होती आणि हात करत होती. चेहरा कळेना. मी ओळख नसल्यासारखं तोंड फिरवलं, उगाच गळ्यात पडायला नको. ती रस्ता ओलांडून आली, तर आमची लेक. बॅग दुरुस्त करून आणत होती. म्हणाली, "रुसलात का?" मी म्हटलं, हो. तेवढं एक सुचलं.

सोमवार, १७

पहिला दिवस फत्ते! गर्दी होती, तरी एकही गिऱ्हाईक ताटकळलं नाही. पडद्यावर नाव येईपर्यंत एकेक खण टीं करत जायचं, हवं ते आलं की थांबायचं. स्ट्रिपकडे बघण्याचीही गरज नाही.

दुपारी काउंटर रिकामा होता. बसवेना. शेवटच्या कपाटाची लेबलं लेक आल्यावर लावणार होती, पण मी म्हटलं, कशाला थांबायचं. सगळी एकदम छापली, कापली, ओळीनं मांडली. लावता लावता दोन खाली पडली. उचलून लावली. पोपटाला दोन्ही दाखवली, दोन्हीला टीं झालं, म्हणजे बरोबर.

घरी हिच्या प्रेशरच्या गोळ्या संपत आल्या होत्या, त्या नेल्या. घरचं असलं तरी बिल फाडतो मी. माझा नियम आहे. औषध दुकानाबाहेर गेलं की त्याची नोंद झालीच पाहिजे. शेवटच्या कपाटातल्या खणाला टीं केलं, पडद्यावर प्रेशरची गोळी आली, उचलली.

मंगळवार, १८

सकाळी चहाबरोबर गोळी घेताना ही म्हणाली, "अहो, गोळीचा रंग बदललाय. आधी पांढरी होती."

"कंपनी बदलली असेल."

"बघा ना एकदा."

"पोपटाने वाचलंय. बिलावर नाव आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तिनं घेतली. दुकानात दिवस बरा गेला. आमचे पोस्टमास्तर, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, साखरेची गोळी न्यायला आले. त्यांना पोपट दाखवला. ते म्हणाले, आमच्या वेळी पत्रांना असं असतं तर माझे चष्मे वाचले असते. वरच्या आळीतल्या आजींची प्रेशरची गोळी त्यांच्या शेजारणीनं नेली. बेकरीवाल्यानं आईसाठी साखरेची नेली. टीं, टीं, टीं.

रात्री जेवताना ही म्हणाली, दुपारी हात थरथरत होते, घामही आला. लेकीची आठवण येत असेल. तिच्याशिवाय घर खायला उठतं हे खरं आहे. मलाही करमत नाही, पण सांगायचं कोणाला.

बुधवार, १९

ही आज माझ्यावर उगाच ओरडली. डबा हातात देताना म्हणाली, "तुम्हाला काय, तुमचं सगळं बरोबरच असतं." इतक्या वर्षांत अशी बोलली नव्हती. मग स्वतःच गुळाचा खडा तोंडात टाकून बसली. गोडाचं तिला वावडं आणि दोन दिवस सारखं गोड मागते आहे. लेक आली की डॉक्टरीणबाईंना दाखवू. माझ्या दुकानाशेजारीच दवाखाना आहे त्यांचा.

पैजेचे आता थोडेच दिवस उरले. चूक नाही. मनात मात्र कसली तरी हुरहुर आहे, काही विसरून आल्यासारखी. दुकानाचं कुलूप दोनदा परत जाऊन ओढून पाहिलं. मागच्या दारातून आज वारा येत होता, रंधा जरा जास्तच मारला त्यानं.

गुरुवार, २०

लिहवत नाही, पण लिहितो.

दुपारी जेवायला घरी गेलो. दार उघडं. ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसलेली. अंगभर घाम, ओठ पांढरे. म्हटलं काय झालं, तर म्हणाली, "पाहुणे आलेत, त्यांना पाणी द्या." घरात कोणीही नव्हतं. जीभ जड झाली होती. तिनं मला "दादा" म्हटलं. दादा तिचा भाऊ, जाऊन किती वर्षं झाली.

जन्मभर काउंटरवर हीच लक्षणं लोकांना सांगत आलोय. हात थरथरले, घाम सुटला, बरळायला लागलं, तर आधी साखर द्या, मग विचार करा. डोक्याआधी माझे हात हलले. साखरेचं पाणी केलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्याने थेंब थेंब पाजलं. अर्धं माझ्या शर्टावर सांडलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आणि मग डोक्यात प्रश्न आला. हिची साखर का उतरावी? हिला साखरेचा आजार नाही, साखरेची गोळी ही घेतच नाही.

फळीवरून तिची स्ट्रिप काढली. खिडकीत नेली. उजेडात धरली, नाकाशी धरली, तिरकी धरली. नावाच्या जागी मधोमध एक मळकट डाग. नजर हलवली की डागही हलतो. कडेची अक्षरं दिसतात, त्यांच्याकडे बघायला गेलो की तीही जातात. मी बोटाने पुसलं. पुसलं तरी जाईना.

ती तोवर थोडी भानावर आली होती. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि स्ट्रिप तिच्यासमोर धरली. म्हटलं, "वाच."

"तुम्ही वाचा ना."

"मला दिसत नाही गं."

हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. स्वतःशीसुद्धा कधी म्हटले नव्हते. तिनं स्ट्रिप घेतली आणि थांबत थांबत नाव वाचलं. साखर उतरवायची गोळी होती. प्रेशरची नव्हतीच.

मला ती दोन पडलेली लेबलं आठवली. साखरेचं प्रेशरच्या खणाला आणि प्रेशरचं साखरेच्या खणाला. पोपट बापडा लेबल वाचत होता. खणात काय आहे ते बघणं माझं काम होतं.

म्हटलं, "अगं, रंग वेगळा दिसला होता ना, मग घेतलीस कशाला?"

ती म्हणाली, "विचारलं होतं की मी. तुम्ही म्हणालात पोपटाने वाचलंय."

गुरुवार, २०, पुढे

डॉक्टरीणबाई आल्या, सुई लावली, दवाखान्यात नेऊन झोपवलं. म्हणाल्या, ही गोळी अंगात बराच वेळ राहते, साखर पुन्हा उतरेल, आज-उद्या नजरेसमोर ठेवते. मला म्हणाल्या, "वेळेवर पाजलंत म्हणून." मी मान खाली घातली. पाजलं मीच आणि दिलीही मीच.

दुकानात गेलो. दोन्ही खण रिकामे केले. पण त्या दोन खणांतलं औषध आणखी कोणाकोणाकडे गेलं? बिलं कॉम्प्युटरमध्ये होती. अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली. डोळ्यांत पाणी. नावं एकमेकांत कालवली जात होती. पोस्टमास्तर आठवत होते, आजी आठवत होत्या, पण आठवणीवर विसंबायची हिंमत नव्हती. आठवणीतून एक जण सुटला तर?

दवाखान्यात परत आलो. ही खाटेवरून म्हणाली, "लेकीला सांगू नका. खण सरळ करा, मी बरी होतेय, कोणाला कळायचं नाही. तुमची पैज..." ती हे माझ्यासाठी म्हणत होती, हाताला सुई टोचलेली असताना. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

लेकीला फोन लावला. म्हटलं, "तुझी आई बरी आहे, दवाखान्यात आहे. मी तिला चुकीची गोळी दिली. मला वाचता येत नाही. फोनवर बिलं बघ आणि मला नावं सांग."

मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "लिहून घेऊ नका, मी फोनवरच राहते. दुकानाला कुलूप लावा आणि चालायला लागा."

तशी आम्ही बापलेक गल्ल्या तुडवत निघालो. फोन माझ्या कानाला, ती गावाकडे कुठेतरी. ती नाव सांगायची, मी दार ठोठावायचो. तिच्या हिशोबाने तिघांकडे गेलं होतं. आजी आधी, कारण त्यांच्याकडे साखरेची गेली होती आणि त्या एकट्याच राहतात.

जिना चढलो. दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. लेक कानात विचारत होती, "उघडलं का? बाबा, उघडलं का?" मी शेजारणीचं दार बडवलं, तीही नाही. दाराला कान लावला. आत कुठे नळ चालू होता की माझंच रक्त वाजत होतं, देव जाणे. खांदा लावून दार तोडावं असं मनात आलं आणि कडी सरकली.

"आंघोळ करत होते हो," आजी म्हणाल्या. "जीव गेला का कोणाचा?"

गोळी घेतलीत का विचारलं. त्या म्हणाल्या, "आधीची संपल्याशिवाय नवी फोडत नाही मी. उधळेपणा चालत नाही आमच्यात." स्ट्रिप तशीच होती. मी जिन्यातच बसलो. आजींनी पाणी आणून दिलं.

बेकरीवाल्याच्या आईनं प्रेशरच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि तिला नुसतं गरगरत होतं. पोस्टमास्तर उठताना भिंतीला धरून उभे होते. त्यांनाही गरगरत होतं. दोघांनाही डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे पाकीट चुकीच्या दारात पडलं तर परत उचलून आणता यायचं. तुम्ही माझ्या पोटात टाकलंत." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार. त्यांनी दार लावून घेतलं.

शनिवार, २२

लेक कालच आली. बॅग न ठेवता आधी दवाखान्यात, मग दुकानात. मी किल्ल्या काउंटरवर ठेवल्या होत्या. मला वाटलं ती रागावेल, तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मला माहीत होतं बाबा. तुम्ही लेबलाच्या रेघा वाकड्या म्हणालात त्या दिवशीच कळलं. मी बोलायला हवं होतं. तुम्ही दुखावाल म्हणून नाही बोलले, आणि सुट्टीला गेले." मग माझ्याही आधी तीच रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. जवळून तिचा चेहरा दिसतो मला, कडेकडेनं.

मंगळवार, २५

डोळ्यांचे डॉक्टर. पोरसवदा आहे, पण हात हलका. त्यानं एक कागद दिला, चौकोनी जाळी छापलेली, मधोमध ठिपका. म्हणाला, ठिपक्याकडे बघा, रेघा कशा दिसतात?

म्हटलं, "छपाई वाईट आहे."

लेक मागे उभी होती, तिनं श्वास रोखलेला ऐकू आला. डॉक्टरनं माझा डावा डोळा झाकला. मधोमध खड्डा, रेघा त्यात ओघळलेल्या. मग उजवा झाकला. खड्डा गेला, नुसती लाट राहिली. कागद तोच, छपाई तीच.

डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. गेलं ते परत येणार नाही, आहे ते राखायचं. "आधी यायला हवं होतं," म्हणाला. वहीवाले, सुतार, विकणारा, कंपन्या, सगळ्यांना नावं ठेवत बसलो, त्यात ते 'आधी' निघून गेलं.

सोमवार, ३१

ही वही लिहायला लेकीनं जाड काळं पेन आणलंय. लिहिलेलं मलाही बऱ्यापैकी दिसतं.

काउंटरवर आता लेक. पोपट तिच्या हातात. खणांची लेबलं सोलून काढली, आता स्ट्रिपच दाखवायची. चमकते म्हणून चार वेळा दाखवावी लागते, ती चार वेळा दाखवते. माझी खुर्ची मागच्या खोलीत नाही, काउंटरच्या बाहेर ठेवली आहे, गिऱ्हाइकांच्या बाजूला. ही युक्ती माझी. औषध घेतलेला माणूस माझ्यासमोरून जातो. मी म्हणतो, नाव वाचून दाखवा. तो वाचतो. कशासाठी घेताय ते विचारतो. नाव आणि दुखणं जुळलं तर जाऊ देतो. डोळ्यांनी दगा दिला असेल, पण गोळी कशाची हे मला अजून झोपेतसुद्धा सांगता येतं. लोक कुरकुरतात, मग वाचतात. पोस्टमास्तर अजून येत नाहीत. दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो. परवा त्यांनी दार उघडलं, आत मात्र घेतलं नाही.

विकणाऱ्याला फोन करून माफी मागितली. सुतारही येऊन गेला. मागच्या दारातून आता खरंच बोट जाईल एवढी फट पडली आहे. म्हणाला, पट्टी ठोकून देतो. मी म्हटलं, ठोक, पण रेघ तूच मार.

आज सकाळी ही चहा घेऊन बसली. नवी स्ट्रिप होती. तिनं ती हातात धरली आणि मोठ्यानं वाचायला लागली. नाव वाचलं, किती मिलिग्रॅम ते वाचलं, मुदत वाचली, कंपनीचा पत्ताही वाचला. मी शेवटपर्यंत ऐकलं. म्हटलं, "बरोबर आहे. घे."

तिनं गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "टीं."